झोपू द्या

मीराबाईंच्या घरात भूत असणं शक्यच नव्हतं. छप्पन साली त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षाभूमीवर उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हा या घरातून देव गेले, श्राद्ध गेलं, पिंड गेला, आणि खायला-प्यायला काही मिळेना म्हणून भुतंही आपापली वाट धरून निघून गेली. मीराबाई स्वतः महिला मंडळाच्या पुढारी. वस्तीत कुणाच्या सुनेच्या अंगात आलं की आधी त्यांना बोलावणं जायचं, आणि त्या नुसत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या तरी अंगातलं उतरायचं. "अंगात भूत नाही येत, सासू येते," असं त्या भर विहारात सांगायच्या आणि सगळ्या सुना पदराआड हसायच्या.

अशा बाईच्या स्वयंपाकघरात, उन्हाळा लागला तसा, मेलेल्या नवऱ्याचा काटा आपोआप फिरायला लागला.

काटा घड्याळाचा नव्हता. तो त्यांच्या मुलीनं, पायलनं, हातानं केलेला होता. पायल कळमेश्वरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होती. टाकीत पाणी किती, भट्टी किती तापली हे सांगणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलतात की खोटं हे तपासणं तिचं काम. तिचे बाबा, गोपाळराव, माइकवाले. लग्न असो, जयंती असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो, 'गोपाळ साऊंड सर्विस'चे भोंगे लागल्याशिवाय उत्तर नागपुरात पान हलत नसे. ॲम्प्लिफायरचं बटण ते असं फिरवायचे की वरणात मीठ घालणारी बाईसुद्धा इतक्या बेतानं घालणार नाही. अशा माणसाला लकवा मारला आणि वाचाच गेली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी शाबूत राहिली.

ती दोन बोटं पाहूनच पायलला सुचलं. सदरमधल्या दुकानातून तिनं एक लहानसा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला, एक सर्वो मोटर आणली, आणि बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या बटणाची टोपी काढून ती एका नव्या पॉटवर, म्हणजे फिरवलं की वीज कमी-जास्त करणाऱ्या पुर्जावर, बसवली. टोपीवर पांढरी रेघ होती. लाकडाच्या डबीत बसवलेलं ते बटण बाबांच्या खाटेला, त्यांच्या बोटांखाली. तिथून तार भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात. बटण जेवढं फिरेल तेवढं बोर्डानं वाचायचं, आणि मोटरीला सांगायचं की तूही तेवढीच फिर. सर्वो मोटर पंख्यासारखी गरगरत नाही. सांगितलेल्या जागी जाते आणि हट्टी पोरासारखी तिथंच उभी राहते. तिच्या दांडीला पायलनं पत्र्याचा लाल काटा लावला, आणि लकडगंजातून आणलेल्या प्लायच्या तुकड्यावर अर्धगोल काढून डावीकडून उजवीकडे लिहिलं: जवळ बसा, पाणी, चहा, कूस बदला, झोपू द्या.

ते दिवस चांगले गेले, हे सांगायला हवं. दुःखाच्या घरातही माणूस हसतो. काटा 'चहा'वर गेला की आई ओरडायची, "आत्ताच तं देल्ला!" की लगेच काटा 'जवळ बसा'वर. आई हात पुसत खाटेशी जायची, तर बाबांच्या डोळ्यांत हसू, आणि बोटं पुन्हा बटणावर, पुन्हा 'चहा'. जन्मभर हजारो माणसांचा आवाज मोठा केलेल्या माणसाला स्वतःचा आवाज इतका लहान करावा लागला, पण तो पोचत होता. पायल रात्रपाळीहून आली की आधी स्वयंपाकघरात डोकवायची. काटा कुठं आहे ते पाहिलं की बाबा कसे आहेत ते कळायचं.

थंडीत त्यांची प्रकृती ढासळली. दवाखान्यातून घरी आणलं ते नाकात नळी घालूनच. पाणी, चहा, सगळं संपलं. खाट सरकवताना डबीच्या दोन तारा तुटल्या, त्या पायलनं दुसऱ्या दिवशी सकाळी डाग देऊन जोडल्या. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. तिनं बटण जरासं फिरवलं, स्वयंपाकघरातून काटा हलल्याचा चिर्र असा आवाज आला, आणि ती डबा उचलून पळाली.

त्यानंतर बाबांनी एकच मागणं लावलं. काटा सारखा 'झोपू द्या'वर. आई दिवा मालवायची, दार ओढून घ्यायची, भेटायला आलेल्यांना बैठकीतच बसवायची. "आता त्याईले माणसं नको झाली," असं ती जड मनानं सांगायची. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत असे. डॉक्टर म्हणाले होते, लकव्यात पापणी पुरती मिटत नाही, पाणी येणारच.

ज्या रविवारी ते गेले, त्या दिवशीही काटा दुपारपासून 'झोपू द्या'वरच होता. विहारातली माणसं आली होती. आईनं दार लावलं, पायलनं पडदा ओढला, आणि सगळे बैठकीत हळू आवाजात बोलत बसले. दिवे लागणीला आईनं दार उघडलं तेव्हा बाबांचा हात गार होता.

खाट भाड्याची होती, ती परत गेली. डबी मात्र आईनं खिडकीच्या चौकटीला खिळ्यावर टांगली, तारेसकट, बटणाला स्पर्श न करता. "त्याईचं शेवटचं बोट लागलं आहे त्याले. कोणी हात लावजो नका," असं तिनं बजावलं. प्लग काढायलाही कुणाचा हात उठला नाही. काटा 'झोपू द्या'वर उभा राहिला, आणि येता-जाता त्याच्याकडे पाहून आई म्हणायची, "झोपले शांत."

तिला तेवढाच आधार होता. वस्ती तोंडावर काही बोलत नसे, पण पाठीमागे बोलायची ती बोलायचीच: नवरा आत मरून पडला होता, अन बायको बाहेर पाहुण्यांत बसली होती.

मग ऊन तापलं. बाबांच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसला, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात चिर्र झालं. आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं तर काटा डावीकडच्या टोकाला: 'जवळ बसा'. तव्यावरची भाकर तशीच टाकून ती खोलीत गेली, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. बऱ्याच वेळानं पुन्हा चिर्र झालं. ती उठून स्वयंपाकघरात आली, काटा 'झोपू द्या'वर गेलेला पाहिला, परत जाऊन खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. भाकरीचा कोळसा झाला होता.

पायलला हे कळलं तेव्हा ती हसणार होती. कारण तिला लगेच समजलं होतं: कूलरच्या थरथरीनं कुठलीतरी तार सैल झाली. जोड सुटला की काटा एका टोकाला, लागला की दुसऱ्या. त्यात विशेष काही नव्हतं. पण सुट्टीच्या दुपारी ती एकटी भांडी लावत असताना पाठीमागे चिर्र झालं आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. कूलर बंद होता. रस्त्यानं ट्रक गेला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. ट्रकचा आवाज तिनं ऐकला नव्हता. माहीत असणं आणि न घाबरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच माणसात सुखानं नांदत नाहीत. तिनं ताट खाली ठेवलं आणि काट्याकडे पाठ न करता, मागं मागं सरकत स्वयंपाकघराबाहेर आली.

आणि आई दिवसेंदिवस वाळत चालली. ती घराबाहेर पडेना. विहारात जाणं सुटलं, बहिणीकडे जाणं सुटलं. "मी गेली अन काटा फिरला तं?" एवढंच ती म्हणायची. भूत हा शब्द तिच्या तोंडातून एकदाही निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं, पायलला वाटायचं. भुताला निदान उतारा तरी असतो. या घरात जे चाललं होतं त्याला नावच नव्हतं, मग ते उतरवायचं कसं?

नाव शेजारच्या पुष्पलताबाईंनी दिलं. त्या विरजण मागायला आल्या होत्या, त्यांच्यादेखत काटा फिरला आणि वाटी हातातच राहिली.

"मीराताई, राग नका मानू," त्या कुजबुजल्या, "पण गोपाळराव अटकले आहेत इथं. काही मागणं राहून गेलं असन. आमच्यात तं दहाव्याले कावळा नाही शिवला का समजून जातेत लोक."

"आमच्यात कावळ्याले नाही विचारत, पुष्पलताबाई," आई म्हणाली. आवाज जुनाच होता, ठणठणीत. पण बोलता बोलता तिनं गॅस बंद केला आणि ती खोलीकडे चालू लागली.

पुष्पलताबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. चार दिवसांत गल्लीला कळलं की मीराबाईंच्या घरी काहीतरी आहे. आणि बुद्ध पौर्णिमेची खीर यंदा मीराबाईंच्याच घरी शिजायची होती. आदल्या संध्याकाळपासून महिला मंडळ त्या स्वयंपाकघरात राबणार. बायका काट्याखाली बसून बदाम सोलणार, काटा फिरणार, आणि जिनं जन्मभर लोकांच्या घरातली भुतं हाकलली तिच्याच घरी पिंडासारखी खुर्ची मांडलेली सगळे पाहणार. पायलनं ठरवलं, आदल्या दिवशी सुट्टी घ्यायची आणि तो सैल जोड पक्का करून टाकायचा. काटा आहे तिथं, 'झोपू द्या'वर, कायमचा उभा राहील. आई निजेल, घर निजेल.

दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं प्लग काढला आणि डबी खिळ्यावरून उतरवली. आई दारात येऊन उभी राहिली.

"बटण नको हलवू."

"नाही हलवत. मागून उघडते. एक तार ढिली आहे, दुसरं काही नाही."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पायल, एक सांग मले. त्या दिवशी काटा 'झोपू द्या'वरच होता नं?"

"हाव आई. मीबी पाह्यला होता."

"मंग मी दार लावलं, ते त्याईच्याच मनानं लावलं. नाही?"

"हाव तं."

"लोक म्हणतेत, शेवटच्या घडीले बायको जवळ नव्हती. म्हणू दे. त्याईनंच सांगतलं होतं मले." आणि ती हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात निघून गेली.

पायलनं डबीची पाठ उघडली. पॉटच्या तीन पायांपैकी दोन टोकांच्या पायांना दोन तारा, एक लाल, एक काळी. लाल तारेचा डाग कच्चा होता, बोट लावताच हलला. दोष सापडला. ती मनाशी खूश झाली, कारण अंदाज बरोबर निघाला होता. मग तिची नजर लाकडावर गेली. डबी केली तेव्हा तिनंच पेननं पायांजवळ खुणा केल्या होत्या, एका बाजूला 'का', दुसऱ्या बाजूला 'ला'. लाल तार 'का'जवळ होती. काळी 'ला'जवळ.

उलट लागल्या की, तिनं वैतागून म्हटलं. कारखान्यात शिकाऊ पोरांना ती हेच घोकून घ्यायची: जोडल्यावर दोन्ही टोकं तपासायची. नुसतं हललं म्हणजे झालं नाही, कुठं हललं ते पाहायचं. दोन तारांची अदलाबदल झाली तर यंत्र बंद पडत नाही. ते चालतं, झकास चालतं, आणि प्रत्येक गोष्ट उलटी सांगतं. मधलं तेवढं बरोबर सांगतं. बटण उजवीकडे नेलं तर काटा डावीकडे, बटण डावीकडे नेलं तर काटा...

तिनं डबी सावकाश उलटी केली. बटणाला त्या रविवारपासून कुणी हात लावला नव्हता. टोपीवरची पांढरी रेघ डावीकडे होती. अगदी टोकाला, त्याच्यापुढे जागाच नव्हती. त्या टोकाला बाबा 'जवळ बसा' म्हणायचे.

कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास येत होता. शेवटचे सगळे दिवस एका झटक्यात तिच्यासमोर उलटे झाले. जितक्यांदा आईनं दिवा मालवला होता, तितक्यांदा त्यांनी 'जवळ बसा' म्हटलं होतं. दार लागलं की ते पुन्हा म्हणत असणार. बोटांत जोर नव्हता म्हणून पूर्ण टोकापर्यंत, रेटून, काही चुकू नये म्हणून. आणि बाहेर काटा आणखी ठामपणे सांगत होता, झोपू द्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आपण ते रुमालानं टिपून म्हणत होतो की पापणी मिटत नाही. जन्मभर भोंग्यातून कुणाचा आवाज फाटू दिला नाही त्या माणसानं, आणि त्याचाच आवाज त्याच्या यंत्रं तपासणाऱ्या पोरीनं उलटा करून ठेवला, का, तर बस चुकेल म्हणून.

ती रडली नाही. रडणं पुढं कधीतरी येणार होतं. तिनं सोल्डरची सळई तापवली आणि दोन्ही तारा सोडवल्या. लाल तार पुन्हा त्याच चुकीच्या जागी पक्की केली असती तर काम झालं होतं. काटा 'झोपू द्या'वर जन्मभर उभा राहिला असता, आईला सुख, घराला सुख. तिनं तार तिथं नेलीही. पण डाग द्यायला हात उठेना. आपण त्यांचं म्हणणं एकदा खोटं केलं, ते नकळत. आता समजून-उमजून पुन्हा करायचं? निदान एकदा, एक दुपार, या घरात बाबांचं म्हणणं खरं ऐकू यावं. तिनं लाल तार 'ला'जवळ जोडली, काळी 'का'जवळ. डबी खिळ्याला लावली. प्लग लावला.

चिर्र.

"पायल!" आई स्वयंपाकघरातून धावतच आली. "फिरला वं! बोलावलं त्याईनं." आणि खुर्चीवर बसली.

 बसू दे, पायलला वाटलं. बसणं बाकी होतं तेवढं तरी होऊ दे. आई बसली. हात मांडीवर, तोंड जिथं खाट होती त्या रिकाम्या जागेकडे. मधूनच ती हळू आवाजात काहीतरी सांगायची, तांदूळ कुणी आणला, दूध कुणाकडून घेतलं, असलंच काहीतरी. बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरलं. पायलनं दिवा लावला. आई हलली नाही. जोड आता पक्का होता, कूलर कितीही थरथरला तरी सुटणार नव्हता. काटा 'जवळ बसा'वर उभा होता, हट्टी पोरासारखा, आणि तो तिथून कधीच हलणार नव्हता. हे पायलच्या ध्यानात आता आलं.

"उठ आई. चहा घे जरासा. बायका येतीन आता."

"काटा कुठं आहे?"

"फिरला," पायल म्हणाली.

"नाही फिरला. आवाज नाही आला." आई तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. "काहून खोटं बोलून राहिली?"

"आई, मशीन आहे ते. दोन तारांचा खेळ आहे. त्याच्यात बाबा नाहीत."

"मले नाही समजत का?" आता तिनं मान वळवली. डोळे खोल गेले होते, पण नजर शहाणी होती, आणि पायलला त्याचीच जास्त भीती वाटली. "भूत नव्हती मानत मी, आताबी नाही मानत. पण माणसानं बोलावलं तं जा लागते, पायल. जित्तं का मेलं, हे काय बोलावल्यावर पाह्यतेत?"

सांगून टाकावं, असं पायलला वाटलं. शब्द ओठांवर आला होता. आई, त्यांनी आपल्याला बोलावलं होतं, मी तार उलट जोडली. एवढंच तर होतं. दोष तिचा होता, आईचा नव्हता. सांगितलं की स्वतःचा भार हलका होईल, आणि आई खुर्चीवरून उठेल.

आई परत त्या रिकाम्या जागेकडे पाहू लागली होती. "त्या दिवशी 'जवळ बसा' म्हटलं असतं नं त्याईनं," ती सहज बोलावं तशी म्हणाली, "तं मी मेली असती, पण उठली नसती. त्याईनंच झोपू द्या म्हटलं. म्हणून तं जगून राहिली मी."

पायलनं तोंड मिटून घेतलं. ते आता जन्मभर मिटलेलंच ठेवायचं होतं.

फाटक वाजलं. अंगणात बायकांचे आवाज, खिरीचा मोठा गंज उतरवल्याचा दणका, पुष्पलताबाईंचं मोठ्यानं हसणं. आई चुळबुळली. घरी आलेल्या बाईला पाणीसुद्धा विचारायचं नाही, हे तिच्यानं कधी झालं नव्हतं. "मीच पाह्यते काटा," असं पुटपुटत ती खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली आणि भिंत धरत स्वयंपाकघराकडे गेली.

खोलीत पायल आणि ती डबी उरली. वेळ फार नव्हता. तिनं बटणावर दोन बोटं ठेवली. टोपीच्या खाचांत बाबांच्या बोटांचा मळ तसाच होता. पांढरी रेघ डाव्या टोकाला, त्यांनी रेटून नेली होती तिथं. त्या रेघेत त्यांचं शेवटचं वाक्य होतं, आणि ते वाचता येणारं जगात एकच माणूस होतं. बाबा, माफ करा, असं ती म्हणाली की नुसतं तिच्या मनात आलं, तिला पुढं कधी आठवलं नाही. तिनं बटण उजवीकडे फिरवलं. ते जड गेलं नाही, अडलं नाही, काहीच झालं नाही. एवढं सोपं होतं ते.

स्वयंपाकघरातून चिर्र आवाज आला. मग आईचा लांब सुस्कारा. "झोपले वं, झोपले," ती स्वतःशीच म्हणाली.

 पायल दारामागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकली आणि तिथंच जमिनीवर बसली. आईची पावलं आली, हलकी, सवयीची. आईनं आत डोकावून पाहिलं नाही. तिनं त्या वेळीही कधी आत पाहिलं नव्हतं, उगीच झोपमोड व्हायला नको म्हणून. हात आत घालून तिनं दिव्याचं बटण बंद केलं आणि दार अलगद ओढून घेतलं.

खोलीत अंधार झाला. बाहेर बैठकीत बायका शिरल्या, कुणीतरी मोठ्यानं काहीतरी विचारलं, आणि आई म्हणाली, "हळू बोला. झोपले आहेत ते."  मग पुष्पलताबाई, अगदी खालच्या आवाजात, कुणाच्या तरी कानाशी लागल्यासारख्या बोलल्या, "म्हटलं नव्हतं मी? बिचारीचं डोकं फिरलं."

पायलला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. दार काय, पातळ प्लायचं. बैठकीतलं कुजबुजणंसुद्धा या खोलीत शेजारी बसून बोलावं तसं स्वच्छ येत होतं. हे तिला आजवर माहीत नव्हतं, कारण दार लागल्यावर आत ती कधी बसलीच नव्हती.

त्या रविवारी त्याच बैठकीत, याच दाराला पाठ लावून ती बसली होती. विहारातले एक काका हळूच म्हणाले होते, किती दिवस हे हाल, आता सुटलेले बरे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि काकांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तीही हळूच, बाबांची झोप मोडू नये म्हणून अगदी हळूच, म्हणाली होती, हो, आता सुटले तर बरंच होईल.